मामांबरोबर २१ किमी: गाईड रनरच्या नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

काल राखीपौर्णिमेला मामा-मामी कोपरखैरण्याहून आमच्या सानपाड्याच्या घरी आले होते. जेवणं झाली, आई आणि मामी आत आवराआवर करत होत्या, आणि मामांनी एकदम विचारलं की तू जानेवारीत ती मुंबईची हाफ मॅरेथॉन पळतेस, त्यात माझ्यासारख्या न दिसणाऱ्याला घेतात का. मी म्हटलं घेतात, पण सोबत पळणारा गाईड लागतो. "मग तू व्हशील का?" मी हो म्हणून टाकलं.

आज ऑफिसात डबा खाताना विचार करतेय. मी स्वतः तीन हाफ पळलेय, पण कुणाला बरोबर घेऊन एक किलोमीटरसुद्धा नाही. म्हणून ही वही. जे करू आणि जे चुकेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

मामांबद्दल थोडं. वय ५३, मूळचे पाटण तालुक्यातले. विशीत इकडे आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून लागले. पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या, ट्रक ते गाळा, गाळा ते ट्रक, वीस वर्षं. डोळ्यांचा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात डोळ्याच्या पडद्यातल्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते, मग बाजूचं दिसेनासं होतं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं आणि पुढे तेही जातं. गोळी-ड्रॉप्सनी बरं होणारा हा आजार नाही. मार्केटात पहाटे अंधारात गाड्या खाली करताना मामा पुढच्या माणसाच्या पांढऱ्या बनियनवर नजर ठेवून चालायचे, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. २०११ ला काम सोडलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

२५ ऑगस्ट, रविवार

आजपासून १९ जानेवारीपर्यंत बरोबर २१ आठवडे. आधी डॉक्टर केले, ईसीजी, बीपी, शुगर सगळं बघून झालं, हळूहळू वाढवा म्हणाले. मामा रोज सकाळी मामींचा हात धरून निसर्ग उद्यानात पाच किमी चालतातच, त्यामुळे अगदी शून्यापासून सुरुवात नाहीये.

हात धरून चालता येतं पण पळता येत नाही, कारण पळताना हात हलायला लागतो. म्हणून दोरी. पॅरा अॅथलेटिक्सच्या नियमात तिच्या लांबीला मर्यादा असते. मामींनी जुन्या सुती ओढणीची पट्टी वळून दोन्ही टोकांना फासे केले, एक त्यांच्या बोटांत, एक माझ्या. ताणून मोजली तर ४० सेंमी भरली.

पहिलाच प्रॉब्लेम उंचीचा निघाला. मामा पाच फूट नऊ इंच, मी पाच दोन. त्यांचा हात पुढे येतो तेव्हा माझा मागे असायचा आणि दर तिसऱ्या पावलाला दोरीला हिसका. मग मी त्यांच्या उजव्या पायाशी माझा डावा पाय जुळवायचा प्रयत्न केला, म्हणजे आतले दोन्ही पाय एकदम पुढे, मग आतले हातही एकत्र मागे-पुढे होतात. मी उजवीकडे, मामा डावीकडे असं उभं राहिलं की हे जमतं. जमलं तेव्हा दोरी हातात आहे हेच कळेना. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं २५ मिनिटं केलं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मामांकडे दीड दिवसाचा असतो, सगळे तिथेच जमलो होतो. आरत्या, जेवणं, आणि रात्री उशिरा पॅरिस पॅरालिम्पिक्समध्ये सिमरन शर्माची २०० मीटरची फायनल. ती टी-१२ म्हणजे थोडंफार दिसणाऱ्यांच्या गटात पळते, त्या गटात गाईड घ्यायचा की नाही ते खेळाडू ठरवतो. टी-११ मध्ये, म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणाऱ्यांच्या गटात, मात्र गाईड लागतोच आणि डोळ्यांवर पट्टीही बांधावी लागते. २४.७५ सेकंद, ब्राँझ. घरात मोठा आरडाओरडा झाला आणि त्यात मामा विचारत होते, संगं पळणाऱ्या पोराचं नाव काय, पोराचं नाव काय. अभय सिंग. गाईडलाही मेडल मिळतं म्हटल्यावर म्हणाले, "मिळायलाच पायजे, तेवढंच पळलाय की तो."

मग मी त्यांना नियम वाचून दाखवले. गाईडने खेळाडूला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि फिनिशला खेळाडूच्या पुढे जायचं नाही. मामांना शेवटचा नियम फार आवडला, परत एकदा वाचायला लावला.

२२ सप्टेंबर, रविवार

दोन मिनिटं पळणं, एक चालणं. ५ किमी, ४७ मिनिटं.

बुटांबद्दल लिहायलाच हवं. मामांची पावलं पुढून खूप रुंद आहेत, वीस वर्षं ओझं वाहून पसरलेली. वाशीतल्या एका दुकानात आम्ही हे नीट सांगितलं तरी त्यांनी रुंद माप न देता एक नंबर मोठा बूट दिला. बूट लांबीला सैल, रुंदीला घट्ट, पाय आत पुढे सरकायचा आणि दोन आठवड्यांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. पुरुषांच्या रनिंग शूजमध्ये नेहमीची रुंदी डी असते आणि त्यापेक्षा रुंद २ई, ४ई अशी मापं येतात. ऑनलाईन २ई मागवला. घातल्या घातल्या मामा म्हणाले, आता बोटं बसली जागेवर. असे रुंद पायाचे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांना कुणी हे सांगतच नाही आणि ते बिचारे बूट चावतो म्हणून चपलेवर चालायला जातात.

६ ऑक्टोबर, रविवार

आज मामा पडले.

सानपाड्याच्या मोराज सर्कलकडून पाम बीचच्या कडेने पळत होतो, सकाळचे साडेपाच. मी त्यांना सांगत होते की डावीकडे खाडी आहे, खारफुटी आहे, आकाश असं झालंय, आणि त्या बोलण्याच्या नादात समोर फुटपाथचा एक ब्लॉक वर आलेला मला दोन पावलांवर दिसला. मी ओरडले "अरे अरे सांभाळा!" आणि तोवर पाय अडकला होता. गुडघा आणि तळहात सोलले. मी रडले, ते नाही रडले. फुटपाथवर बसून पाण्याने हात धुतला आणि मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवतेय.

"आरं अरे सांभाळा म्हंजे काय करायचं मी? उडी मारायची, थांबायचं, का बाजूला व्हायचं? मार्केटात पाठीवर गोणी घेतली, मान खाली गेली की माणूस तसाबी आंधळाच असतो. ट्रकला लावलेल्या फळीवरनं चढायचं, फळी एवढीशी. पुढचा बोलतो, फळी. संपली की बोलतो, सरळ. दोन शब्दांवर आम्ही वीस वर्सं काढली. तू गोष्ट सांगती, मला शब्द पायजे."

तिथेच बसून शब्द ठरवले. एक शब्द, एक अर्थ, आणि तो तीन पावलं आधी.

फळी म्हणजे वर चढायचंय, फुटपाथ किंवा पायरी. खाली म्हणजे उतरायचंय. उचल म्हणजे पाय जास्त उचलून टाक, रस्ता खराब आहे. थप्पी म्हणजे पुढे माणसांची गर्दी, वेग कमी कर. साईड म्हणजे माझ्याकडे ये, आणि बाहेर म्हणजे माझ्यापासून लांब जा. उजवं-डावं आम्ही मुद्दाम घेतलंच नाही कारण पळताना माझीच गडबड होते. उभं म्हणजे जागच्या जागी थांब, याच्यावर प्रश्न विचारायचा नाही. आणि सरळ म्हणजे आता मोकळं आहे, बिनधास्त पळ.

बाकी वर्णन फक्त चालायच्या ब्रेकमध्ये.

१३ ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबर हीट. पहाटे पाचलासुद्धा अंगाला चिकट, ७ किमीला दोघांचे टीशर्ट पिळून काढायची वेळ. हवेत इतका दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून त्याच पेसला (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) छातीचे ठोके जास्त पडतात. पेस बघणं सोडलं, बोलता येतंय का तेवढंच बघितलं. घरी एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे सपाट चमचे, असं करून नेतो. मामी त्यात लिंबू पिळतात.

शब्द आता तोंडात बसलेत. काल ऑफिसात जिन्यावर मैत्रिणीला "खाली" म्हणाले.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ओवाळणीच्या आधी १२ किमी. दिवाळीचा फराळ पोटात असल्यामुळे पाय जड. चार मिनिटं पळणं, एक चालणं, हा हिशेब आता रेसपर्यंत ठेवणार आहोत. पूर्ण वेळ पळण्यापेक्षा असं केलं की मामांच्या पोटऱ्या शेवटपर्यंत टिकतात, आणि मला चालायच्या मिनिटात पुढचा रस्ता नीट बघून घेता येतो.

एक गोष्ट मनाला लागली. ज्वेल ऑफ नवी मुंबईला तलावाभोवती फेऱ्या मारताना सकाळी चालायला येणारी मंडळी थांबून मला विचारतात, ह्यांना अजिबात दिसत नाही का, कधीपासून, जेवण वगैरे कसं करतात. मामा माझ्याशेजारी, हातभर अंतरावर, घामाने भिजलेले, नऊ किमी पळून आलेले, आणि प्रश्न मला. आज मामांनीच उत्तर दिलं, "मला विचारा की, मला ऐकू येतंय." ते काका ओशाळले, मग खरंच त्यांच्याशी बोलले, आणि पुढच्या फेरीला लांबूनच "या पैलवान" म्हणून हाक मारली. मामांना ती आवडली.

पाठीवर लावायला प्रिंट करून घेतलंय, त्यांच्या टीशर्टवर 'दृष्टिहीन धावपटू' आणि माझ्यावर 'गाईड'. याने मागून येणारा माणूस आमच्या मधून घुसत नाही. दोरी लांबून दिसत नाही, आणि मधून घुसायला जाणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, एकदा होता होता वाचलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, ऑफिसला सुट्टी. सकाळी बेलापूरला पारसिक हिल. पाम बीच सपाट आहे आणि पेडर रोडला चढ आहे, तो ऐनवेळी कळून उपयोग नाही. चढावर पावलं लहान, नजर माझी दहा फुटांवर, मामांना हात थोडा खाली सोडायला सांगितला. चढ त्यांना जमतो, मांड्या गोणीच्या आहेत. उतारच अवघड जातो, कारण पाऊल किती खाली पडणार हे कळत नाही म्हणून ते टाचेवर ब्रेक मारतात आणि गुडघ्याला दणका बसतो. तीनदा वर-खाली केलं. तिसऱ्यांदा उतरताना मी म्हटलं, माझा वेग धरा, स्वतःचा सोडा. थोडं जमलं.

मग मतदान. मशिनवर ब्रेल आकडे असतात पण मामांची नजर मोठेपणी गेली, ब्रेल त्यांना येत नाही, म्हणून मामी सोबती म्हणून आत गेल्या. नियमात तशी सोय आहे.

८ डिसेंबर, रविवार

१६ किमी. वाशीपासून पाम बीचने बेलापूरला महापालिका मुख्यालयाच्या अलीकडपर्यंत आणि परत नेरूळ. मामेभाऊ सायकलवर मागे, लाल दिवा लावून, कारण त्या रस्त्याला गाड्या फार जोरात असतात.

नेरूळच्या टी. एस. चाणक्य या जहाजप्रशिक्षण संस्थेच्या बाजूला चालायच्या ब्रेकमध्ये मामा थांबले. "बदकं हायत का?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग कान दिला तर खाडीच्या बाजूने बारीक गॅ-गॅ. फ्लेमिंगो. मी म्हटलं गुलाबी असतात, थव्याने उभे आहेत. म्हणाले, आवाजावरनं पन्नासेक असतील. मी मोजायला गेले नाही, चालायचं मिनिट संपलं होतं.

आज पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

२२ डिसेंबर, रविवार

१८ किमी, १५ नंतर मामांच्या डाव्या पोटरीत गोळा. बसून ताणलं, मीठ-साखरेचं पाणी, मग चालत संपवलं. ते गप्प होते, मीही गप्प. घरी सोडताना म्हणाले, "तुझा टाइम माझ्यापायी वाया चाललाय का गं?" मी यावर्षी एकटी पळले असते तर दोन तास दहा मिनिटांच्या आत यायचं ठरवलं होतं, हे त्यांना आईकडून कळलंय. मी त्यांना खरं ते सांगितलं, की गेल्या तीन वर्षांत मी रविवारच्या पहाटेची एवढी वाट बघून कधीच उठले नव्हते.

५ जानेवारी २०२५, रविवार

शेवटची लांब धाव, १८ किमी, दोन तास बत्तीस. गोळा नाही. मागच्या वेळी फरक कुठे पडला ते सापडलं, मी सुरुवातीला पेस साडेसात केला होता. आज पहिल्यापासून साडेआठ धरला. आता दोन आठवडे कमी कमी करत जायचं, नवीन काही करायचं नाही, नवीन मोजे सुद्धा नाहीत.

आवाजाची तालीम केली. रेसला ढोल असणार, लोक ओरडणार, तेव्हा माझा शब्द पोचला नाही तर? म्हणून दोरीची खूण. एक झटका म्हणजे हळू, दोन झटके म्हणजे उभं. मामेभावाने मोबाईलवर फुल आवाजात डीजे लावून आमच्या शेजारून सायकल चालवली.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. ४ किमी, अगदी हलकं. मामींनी रेससाठी गूळ-शेंगदाण्याचे छोटे लाडू केलेत, एका घासाचे.

१७ जानेवारी, शुक्रवार

बीकेसीला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, आणले. मामांनी बिबवर बोट फिरवून वेळ नोंदवणारी चिप कुठे आहे ते शोधलं. आधीचं टायमिंग नसल्यामुळे मामांना मागचा सेक्शन आहे, मी पण तिथेच त्यांच्यासोबत.

१९ जानेवारी, रविवार. रेस

रात्री लिहितेय, पाय बादलीत.

अडीचला उठलो, तीनला गाडी काढली, वाशीचा खाडीपूल, सायन, धारावी. पुढे रस्ते बंद, मामेभावाने सोडलं, बाकी चालत. माहीमच्या रेतीबंदरला अंधारात हजारो माणसं आणि व्हॉलिनीचा वास. मामा म्हणाले, मार्केटासारखं वाटतंय, गाड्या आल्यावर असंच असायचं.

जे आम्ही पाच महिन्यांत एकदाही ठरवलं नव्हतं ते पहिल्याच अर्ध्या तासात समोर आलं. टॉयलेट. मामेभावाला आत सोडत नव्हते आणि मी बाई. शेवटी रांगेतल्या एका अनोळखी पळणाऱ्याला विचारलं, तो लगेच मामांचा हात आपल्या कोपरावर घेऊन गेला आणि परत आणून दिलं. नावही विचारलं नाही मी त्याचं. कुणी बाई पुरुषाला गाईड करणार असेल तर ही सोय आधी करून ठेवा.

आमचा सेक्शन सुटायला पाच पंचवीस झाले. पहिले दोन किलोमीटर मी फक्त "थप्पी, थप्पी, साईड, थप्पी" एवढंच बोलत होते. लोक मधेच थांबतात, फोटो काढतात, बुटाची नाडी बांधायला जागेवर वाकतात. पाण्याच्या ठिकाणी खाली पडलेल्या बाटल्या आणि झाकणं, त्यावर "उचल, उचल". आम्ही डावी कड धरली होती, म्हणजे एक बाजू तरी माझ्या ताब्यात.

मग सी लिंक. २००९ ला हा पूल सुरू झाला तोवर मामांची नजर जवळजवळ गेलेली, आणि एरवी तिथे पायी जाताच येत नाही, दुचाकीलाही बंदी. म्हणजे त्यांनी तो पाहिलेला नाही आणि पायाखाली घेतलेलाही नाही. मी चालायच्या ब्रेकची वाट बघत होते, सांगायला, पण त्यांनीच सुरुवात केली. वारा दोन्हीकडून लागतोय म्हणजे पाणी दोन्हीकडे आहे. पायाखाली मधेच लोखंडी जोड येतो तेव्हा आवाज बदलतो, पूल तुकड्यांचा आहे. इतकी माणसं पळतायत पण आवाज घुमत नाही म्हणजे वर उघडं आहे. मग ब्रेक आला तेव्हा माझ्याकडे सांगायला उरलं होतं ते एवढंच की वांद्र्याच्या बाजूचा मनोरा १२८ मीटर उंच आहे आणि त्याच्यापासून तारा दोन्हीकडे उतरतात, दिव्यात पांढऱ्या दिसतात. त्यांनी विचारलं, तारा किती जाड. मी हाताने त्यांच्या हातावर अंदाजे गोल करून दाखवला.

सी लिंकवर आम्ही बारा-पंधरा मिनिटं एक शब्द बोललो नाही. "सरळ" म्हणून झालं होतं.

वरळीत उतरलो तेव्हा गर्दीचा आवाज एकदम अंगावर आला. पहाटे पावणेसातला लोक घरातून खुर्च्या आणून बसलेले, संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ, चिक्की, लहान मुलं टाळ्या द्यायला हात पुढे करून उभी. मी मामांचा मोकळा हात त्या पोरांच्या बाजूला यावा म्हणून कडेला घेतलं आणि "हात काढा" म्हटलं. हा शब्द आमच्या यादीत नव्हता पण कळला त्यांना. वीस-पंचवीस टाळ्या सलग. हाजी अलीच्या आधी ढोलवाले होते, तिथे माझा आवाज खरंच गेला, एक झटका दिला, त्यांनी वेग कमी केला. डीजेची तालीम कामाला आली.

हाजी अलीच्या पुढे मामा म्हणाले, "उजाडलं." मी वर बघितलं तर रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते, आकाश नुसतं राखाडी झालं होतं. पण त्यांना कळलं होतं.

पेडर रोडचा चढ. आजूबाजूचे बरेच जण चालायला लागले. आम्ही पारसिकसारखी लहान पावलं टाकत वर. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की प्रभुकुंज आलं की सांग. लता मंगेशकर तिथे राहायच्या, आणि मार्केटात गाळ्यावरच्या रेडिओला दिवसभर त्यांचाच आवाज असायचा. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मोकळा हात कपाळाला लावला, पाऊल न चुकवता. मग उतार, आणि उतारावर त्यांनी खरंच स्वतःचा वेग सोडून माझा धरला. चौपाटीपर्यंत दोरी सैलच होती.

मरीन ड्राईव्हला समोरून पुढच्या गाड्या-मोटरसायकली आल्या आणि मागोमाग एलिट रनर्स. मी म्हटलं मामा, आले. ते ऐकत होते. गेल्यावर म्हणाले, "पाय वाजतच न्हाईत की त्यांचं." मी इतकी वर्षं टीव्हीवर त्यांना बघतेय, हे मला कधी कळलं नव्हतं.

१८ व्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला. तोच. थांबलो, दुभाजकाला हात टेकून ताणलं, लाडू खाल्ला, पाणी. दोन मिनिटं चालून परत सुरू केलं, आता दोन मिनिटं पळणं, एक चालणं, सप्टेंबरसारखं. इथे मला एक मोह झाला, तो लिहून ठेवते. घड्याळ बघितलं तर तीन तासांच्या आत होण्याइतका वेळ शिल्लक होता, पण अगदी बेताचा, आणि माझा हात आपोआप पुढे जायला लागला, दोरी ताणली. मामा फक्त म्हणाले, "ओढू नगंस." मी हात सैल सोडला आणि नंतर घड्याळ बघितलं नाही.

चर्चगेटवरून वळलो, लोकांचा आवाज वाढत गेला. शेवटची कमान दिसली तेव्हा मी "सरळ" म्हटलं आणि ते सुटलेच. पोटरीत गोळा असलेला माणूस सुटला. मी शेवटच्या पन्नास मीटरला अर्धं पाऊल मागे राहिले, वेळ नोंदवणाऱ्या मॅटचा पीप-पीप आवाज आधी त्यांच्या पायाखाली झाला.

मेडल गळ्यात घातल्यावर त्यांनी ते दोन्ही हातात घेऊन वजन बघितलं, गोणीचं बघतात तसं.

२० जानेवारी, सोमवार

रजा. निकाल लागला. मामा २:५७:४१, मी २:५७:४२. मी फोनवर वाचून दाखवलं. मामा म्हणाले परत वाच. मग मागून मामींचा आवाज, मलापण सांगा की.

माझ्या घड्याळात २१.६ किमी दाखवतंय, कारण आम्ही वळणं आतून नाही, गर्दी टाळत बाहेरून घेतली. त्यांचं गुडघ्याचं काही दुखत नाहीये, पोटरी दुखतेय, आणि रुंद बुटात दहाही नखं शाबूत.

२६ जानेवारी, रविवार

मला मार्चमध्ये ऑफिसच्या कामाला दोन महिने पुण्याला जावं लागणार आहे, आणि मामांनी आठवड्यातून तीनदा पळणं सोडायचं नाही असं ठरवलंय. म्हणजे दुसरा गाईड हवा. पाच हजार मीटर आणि त्यापेक्षा मोठ्या शर्यतीत दोन गाईड चालतात असा नियमच आहे, तेव्हा दोघं असलेले बरे.

आज मामेभावाला उभं केलं. तो सायकलवर मागे असायचा, त्याला वाटत होतं सगळं माहीत आहे. पहिल्या फेरीला पाय जुळले नाहीत, तो उंच असून सुद्धा, कारण तो मामांच्या पायाकडे बघत होता आणि समोर कोण बघणार. फुटपाथ आला तेव्हा "पप्पा पायरी आहे बघा" म्हणाला आणि तोवर ते पायरीवर होते. मामांनी त्याला थांबवून फळी, खाली, उचल, थप्पी असं सगळं परत म्हणायला लावलं, दोनदा. दुसरी फेरी बरी झाली. मी बाकावर बसून पहिल्यांदा त्यांना लांबून पळताना बघत होते, मामांची मान सरळ असते पळताना, हे मला शेजारून कधी दिसलं नव्हतं.

दोरी त्यांच्याकडेच ठेवलीय. एका बाजूचा फासा उसवलाय, मामी शिवून देणार आहेत. मंगळवारी सकाळी साडेपाच, निसर्ग उद्यानाचं गेट.